ज्वारीचा श्वास

आमच्या घरातलं प्रवाळ राज्यात सर्वोत्कृष्ट ठरलं आणि त्याच कारणानं माझे वडील बोलायचे बंद झाले.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी ते लिहिलेलंही नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे. अण्णा हवापालटासाठी बार्शीला ताईकडे गेलेत. सोलापूरहून हवापालटासाठी बार्शीला जाणारे ते बहुधा पहिलेच गृहस्थ असतील, पण कुणीतरी सुरुवात करावी लागतेच.

आता आमच्याकडे प्रवाळ कसं आलं ते सांगतो, कारण सोलापूरला समुद्र सोडून सगळं आहे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते प्राणी असतात, तांदळाच्या कणीएवढे, हजारोंनी एकमेकांना चिकटून राहणारे. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. भाडेकरू उजेडातून साखर बनवतो आणि मालकाला जेवू घालतो. मालकाचा रंगसुद्धा भाडेकरूचाच. पाणी जरा जास्त तापलं की मालक भाडेकरूला हाकलून देतो, स्वतः पांढराफटक पडतो आणि उपाशी मरतो. सोलापुरातल्या घरमालकांचं असं काही होत नाही, हा एक निसर्गातला पक्षपात.

माझ्या लहानपणी समुद्रानं लागोपाठ असे उन्हाळे काढले की मालवणपासून लक्षद्वीपपर्यंत सगळे मालक पांढरे पडले. उरलेसुरले तुकडे वाचवायला प्रवाळ पालकत्व मंडळ निघालं. समुद्र निवळेपर्यंत एकेक तुकडा एकेका कुटुंबानं घरातल्या टाकीत सांभाळायचा. किनाऱ्यावरच्या घरांची वीज चक्रीवादळात जायची. आमच्याकडे ऊन बारमाही, प्रत्येक छतावर पॅनेल, वीज अखंड. तेव्हा अरबी समुद्र सोलापूर जिल्ह्यात हलवायचं ठरलं. निर्णय झाला त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी तपासून बघितलंय.

आमच्या घरी हे आईनं आणलं. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी काचेची टाकी आली, स्वैपाकघरातल्या दोन-चार कळशा पाणी मावेल एवढी. आत बोटाएवढा फांदीदार तुकडा, तपकिरी, टोकं जांभळी. आई त्याला रोज सकाळी पाणी घालायची. उन्हानं टाकीतलं पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं, गाळलेलं. शेजारच्या शिंगणापूरकर काकू दर वेळी म्हणायच्या, "अहो, समुद्राचं आहे ना ते? चिमूटभर मीठ टाका की." आई म्हणायची, "तुमच्या आमटीत टाका, तिथं गरज आहे." आईला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, त्यामुळे काकूंचं उत्तर नेहमी त्या कानाला जायचं.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. उष्माघात. माणसाच्या अंगातलं पाणी दोन अंशांनी तापलं की काय होतं ते मंडळाच्या माहितीपत्रकात नव्हतं.

दहाव्याला सिद्धेश्वर तलावाच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेला दिसत होता. गुरुजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल, शब्द द्या. ताईनं शब्द दिला, "आई, अण्णांना मी बघते." कावळ्यानं मान फिरवली. अण्णांनी हात जोडून सांगितलं, "मी गोळ्या वेळेवर घेईन." कावळ्यानं पंख साफ केले. ऊन चढत चाललं होतं, भावकी सावलीला सरकली होती. शेवटी मी म्हणालो, "आई, प्रवाळ मी सांभाळतो. मरू देणार नाही." कावळा खाली आला आणि त्यानं भाताला चोच लावली.

अण्णा बेचव चहा प्यायल्यासारखा चेहरा करून चपला शोधायला लागले. ताई माझ्या कानात म्हणाली, "पुष्क्या, तिला नवऱ्यापेक्षा त्या झुडपाची काळजी जास्त होती बघ."

मी म्हणालो, "झुडूप नाही. प्राणी आहे."

"तेच ते. बाकी अण्णा कुठं वेगळे आहेत."

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर सोलापूर स्टँडच्या काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारल्या. त्यांचा आवाज अर्ध्या जिल्ह्यानं ऐकला आणि घरी बायकोला डावा कान नव्हता. म्हणून आईशी बोलताना ते अगदी जवळ जायचे, तिच्या उजव्या कानाशी वाकायचे आणि हळू बोलायचे. मोठ्यानं बोलायचं ते नोकरीवर.

आई गेल्यावर पंधरवड्यानं ते टाकीशी बसायला लागले. स्टूल ओढायचं, काठावर हात टेकायचे, पाण्यावर वाकायचं. वरून टाकी उघडीच असते, पाणी गार राहायला.

"अगं ऐकतेस का," ते सुरू करायचे. "शिंगणापूरकरांनी नवा कूलर घेतला. आवाज असा करतो, मला वाटलं अक्कलकोट गाडी लागली. आणि पुष्करनं आज भेंडी केली होती. खाल्ली मी. तू विचारू नकोस कशी झाली. माणसानं सत्य बोलावं, पण जेवताना नाही."

असं संध्याकाळभर चालायचं. मी आत बसून ऐकायचो आणि कामाचा आव आणायचो. आई जिवंत असताना ते एवढं बोललेले मला आठवत नाहीत. प्रवाळाचे बारके हात उजेड कमी झाला की बाहेर येतात आणि पाण्यात हलतात. अण्णांना ते होकार वाटायचे. मी त्यांना जीवशास्त्र समजावलं नाही.

दिवाळीच्या सुमारास प्रवाळाची वाढ थांबली. टोकांचा जांभळा उतरला. मी पाणी बदललं, दिवा बदलला, कॅल्शियमचे थेंब वाढवले. फरक नाही. मंडळाचा नियम साधा होता: वाढ खुंटली की तुकडा काढून दुसऱ्या कुटुंबाला देणार. मी शब्द दिला होता, तोही कावळ्याला. कावळ्याशी करार मोडला तर दाद कुठं मागायची, याचं कलम मला कुठे सापडलं नाही.

मग मंडळानं सगळ्या पालकांना नवं यंत्र बसवून दिलं. नाव दक्ष. टाकीच्या काठाला अडकवायचं, साबणाच्या डबीएवढं. त्याला बोलता यायचं, पण शासकीय मराठीतच.

दक्षमागचं विज्ञान खरोखर सुंदर होतं, आणि मी हे रागानं म्हणतोय. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कार्बनपासून बांधतं. पण बंद खोलीत माणसं श्वास सोडत राहिली की कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो, पाण्यात मुरतो, सोडा वॉटरसारखं पाणी किंचित आंबट होतं आणि आंबट पाण्यात सांगाडा बांधायला प्रवाळाला फार कष्ट पडतात. समुद्राचं जे शंभर वर्षांत झालं ते आमच्या हॉलमध्ये एका संध्याकाळात होत होतं. खिडक्या उघडाव्यात तर बाहेर भर हिवाळ्यातही भट्टी. म्हणजे प्रवाळाला एक तर उकडून मारायचं किंवा आमच्या श्वासांत गुदमरवायचं, एवढीच निवड.

दक्षला याहून पुढचं कळायचं. कार्बनमध्ये एक हलका आणि एक किंचित जड असा प्रकार असतो. ज्वारी, बाजरी, ऊस या गवतांत जड कार्बन थोडा जास्त राहतो, गहू-तांदळात कमी. माणूस जे खातो तेच श्वासातून सोडतो. त्यामुळे टाकीवरची हवा हुंगून दक्ष सांगू शकायचा की हा श्वास भाकरी खाणाऱ्याचा आहे की पोळी खाणाऱ्याचा. पोलिसांना बोटांचे ठसे लागतात. याला भाकरी पुरायची.

आमच्या घरी मी ब्रेड आणि पोळीवर जगणारा. अण्णा दोन्ही वेळा कडक भाकरी, शेंगाची चटणी.

तिसऱ्या दिवशी दक्ष बोलला, "कळविण्यात येते की, प्रवाळवाढीस होणाऱ्या अडथळ्यापैकी बहुतांश वाटा ज्वारीजन्य श्वसनाचा असून तो सायंकाळी जलपृष्ठाच्या अतिनिकट आढळतो. सदर श्वसन स्थलांतरित करावे."

अण्णांनी चष्मा पुसला. "काय म्हणतोय हा?"

"तुम्ही पाण्याजवळ बोलू नका म्हणतोय."

"मग कुठनं बोलू?"

"लांबून."

"तिला लांबून ऐकू येत नाही," अण्णा म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्टूल जागेवर ठेवून आत गेले.

मी उपाय करून बघितले. आधी मास्क, त्यातून श्वास बाजूनं सुटून टाकीवरच यायचा. मग स्वैपाकघराच्या चिमणीची लवचिक नळी त्यांच्या तोंडाशी धरली, दुसरं टोक खिडकीबाहेर. अण्णा आत "अगं ऐकतेस का" म्हणायचे आणि ते खाली पार्किंगमध्ये ऐकू यायचं. शिंगणापूरकर काकू वर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, भेंडीचं आम्हाला कळलं. पुष्करला म्हणावं, आधी तेलात परतून घे."

मग मी टाकीत पाण्याखाली एक छोटा स्पीकर सोडला आणि अण्णांना आतल्या खोलीत माइक दिला. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं बटण चाचपलं, जुन्या सवयीनं. 

"जन्मभर माइकवर बोललो, पुष्कर," ते म्हणाले. "कुणी ऐकत नव्हतं. गाडी लागली की लोक धावायचे, मी काय बोललो याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आता हिच्याशीपण माइकवर बोलू?"

स्पीकर मी काढून टाकला.

शेवटची युक्ती ताईची. फोनवर म्हणाली, "अरे, ज्वारी ओळखतोय ना तो? मग अण्णांना पोळ्या घाल. कळणारच नाही त्याला."

हे आम्ही एका यंत्राविरुद्ध रचलेलं कारस्थान होतं आणि त्याचं मुख्य हत्यार फुलके होतं. अण्णांनी भाकरी सोडली. त्या घरात भाकरीला नाही म्हणणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल. ते पोळीचा तुकडा हातात धरून तो कुठल्या बाजूनं मोडायचा ते बघत बसायचे. "ही मोडतच नाही," म्हणायचे. "हिला फाडावी लागते. जेवण आहे का कापड?" पोटात जळजळ सुरू झाली. पण संध्याकाळी पुन्हा स्टूल ओढता आलं, आणि आईला पोळीबद्दल सविस्तर अहवाल मिळायला लागला.

आठवडाभर दक्ष गप्प होता. मग म्हणाला, "कळविण्यात येते की, ज्वारीभक्षक सदस्याने निवासस्थान सोडले असून त्याच्या जागी गहूभक्षक अनोळखी इसम दररोज सायंकाळी जलपृष्ठाशी आढळतो. नोंदणी नसलेल्या इसमाबाबत मंडळास अवगत करण्यात आले आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या फडतरे मॅडम आल्या. वय माझ्याएवढंच, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. त्यांना पाणी दिलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं. "अनोळखी इसम हेच का?"

"हे माझे वडील आहेत."

"यंत्र म्हणतं वडील गेले."

"वडिलांनी भाकरी सोडली."

मॅडमनी दक्षकडे आणि मग अण्णांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कणव होती, पण ती कुठं नोंदवायची सोय नसावी. "काका, तुम्ही पुन्हा भाकरी खा," त्या म्हणाल्या. "तब्येत उतरलीय तुमची."

"म्हणजे बोललं तरी चालेल?" अण्णांनी विचारलं.

"नाही. खा एवढंच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे बघा, हा साधा तुकडा नाही. उन्हात टिकणारी ही जात आता पाच-सहा घरांतच आहे. समुद्रात पुन्हा लावायची झाली तर हीच जगेल. नियमानं वाढ खुंटलेला तुकडा मला आजच उचलावा लागेल. नाहीतर सायंकाळचं श्वसन बंद करा. मी महिनाअखेर पुन्हा येते."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच अडचण. त्या दुष्ट असत्या तर मी ही गोष्ट रंगवून सांगितली असती.

मी अण्णांना सांगितलं, फक्त टाकीशी बसू नका. त्यांनी कबूल केलं आणि पाळलं नाही. मी बाहेरून आलो की ते स्टुलावरून उठून खिडकीशी उभे राहायचे, शाळेतल्या पोरासारखे, आणि स्टूल अजून गरम असायचं. मला ते स्टूल हात लावून बघायची सवय लागली. वडील आईशी बोललेत का हे तपासायला मी स्टुलाला हात लावत होतो.

एके सकाळी मी म्हणालो, "अण्णा, थोडे दिवस ताईकडे जाता का?"

ते शर्टाची बटणं लावत होते. लावून संपवली. "किती दिवस?"

"वाढ सुरू होईपर्यंत."

"तिची का माझी?"

मी कपाटावरची त्यांची पिशवी काढायला लागलो.

"जातो," ते म्हणाले. "शब्द दिलायस तू. दहाव्याला ती त्याशिवाय जेवलीसुद्धा नाही."

स्टँडवर आता माणूस पुकारत नाही, यंत्र पुकारतं. बार्शीची गाडी लागल्याचं त्यानं स्वच्छ, निर्विकार आवाजात सांगितलं. अण्णा ऐकत उभे राहिले. "चांगलं बोलतं," ते म्हणाले. "श्वासच घेत नाही मध्ये." मग चढले, खिडकीशी बसले आणि माझ्याकडे न बघता समोर बघत राहिले. गाडी वेळेवर सुटली. त्यांच्या काळात कधी सुटली नव्हती.

प्रवाळ सुधारलं. हे सांगताना बरं वाटलं पाहिजे. टोकं आधी नव्या वाढीनं पांढुरकी झाली, मग जांभळी, मग अशी जांभळी की शिंगणापूरकर काकू म्हणाल्या, साडीत असता हा रंग तर घेतला असता. नव्या फांद्या फुटल्या. दक्ष समाधान व्यक्त करायला लागला. "कळविण्यात येते की, वाढ समाधानकारक आहे. उर्वरित अडथळ्यापैकी बहुतांश वाटा गहूजन्य श्वसनाचा आहे."

गहूजन्य म्हणजे मी.

मी हॉलमध्ये बसणं सोडलं. जेवण गॅलरीत, पंचेचाळीस अंशांत. मित्रांना घरी बोलावणं बंद केलं; आले तर जिन्यात उभं राहून बोलायचं. घरात मी तोंड मिटून, नाकानं, बेतानं वावरायचो, वाण्याकडे उधारी थकल्यासारखा. खोली इतकी शांत झाली की पंपाचा आवाज ऐकू यायचा. हळूहळू मला दक्षचं पटायला लागलं. घर खरोखर माणसांमुळे बिघडतं.

ताईचा फोन यायचा. सुरुवातीला म्हणाली, "अण्णा बरे आहेत, भाकरी खातात." मग म्हणाली, "जरा कमी बोलतात." मग एकदा तिनं नेहमीसारखी चेष्टा केली नाही. म्हणाली, "पुष्कर, ते बोलतच नाहीत रे. विचारलं तर मान हलवतात. नुसता श्वास घेतात."

"वाढ चांगली आहे म्हणून सांग त्यांना."

"तूच सांग," ती म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला. मी वाढीचं सांगितलं, रंगाचं, नव्या फांद्यांचं. पलीकडून श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. मी पहिल्यांदाच तो पाण्यापासून दूर, एकटा ऐकला.

फडतरे मॅडम आल्या त्या चार माणसं आणि एक शीतपेटी घेऊन. हसत होत्या. राज्यभरातल्या पालकांत आमचा तुकडा सर्वोत्कृष्ट ठरला होता. प्रमाणपत्र होतं, त्यावर अर्जदाराचं नाव बरोबर होतं. सर्वोत्कृष्ट तुकडे रोपवाटिकेत जातात, तिथून समुद्रात. खुंटला असता तर दुसऱ्या कुटुंबाकडे गेला असता. वाढला म्हणून समुद्राकडे चालला. दोन्ही नियम एकाच पानावर होते. मी पहिलाच वाचला होता.

"तुमच्या आईंना अभिमान वाटला असता," मॅडम म्हणाल्या. त्यांना तसं वाटत होतं.

टाकी रिकामी झाली. मी त्याच दिवशी बार्शीला फोन केला. "अण्णा, या आता परत. आता कुणी काही म्हणणार नाही. हवा तेवढा श्वास घ्या, हवं तिथं बसा, हवं ते बोला."

बराच वेळ तो आत-बाहेर आवाज. मग अण्णा बोलले. त्या काळातलं त्यांचं एकमेव वाक्य, आणि त्यानंतर अजूनपर्यंत दुसरं नाही.

"तिथं कोण आहे आता?"

महिन्याभरानं रोपवाटिकेचा तपासणी अहवाल सर्व माजी पालकांना पाठवतात तसा मलाही आला. प्रवाळाचा सांगाडा खोडाच्या वलयांसारखा थरांनी वाढतो आणि प्रत्येक थरात त्या दिवसांचा कार्बन दगड होऊन बसतो. बुंध्याशी गेल्या पावसाळ्या-हिवाळ्याचा एक अरुंद थर सापडला होता, जड कार्बनचा. वाढ तेव्हा जेमतेम होती, पण जेवढी झाली तेवढी ज्वारीची होती. अहवालात त्याला 'दूषित पट्टा' म्हटलं होतं. समुद्रात लावण्याआधी तो भाग कापून वेगळा करण्यात येईल, असं पुढं होतं.

मी तो परिच्छेद वाचला आणि मंडळाला पत्र लिहिलं. नमुन्यात बसणारं लिहिलं. दक्षच्या सहवासात भाषा सुधारलीच होती.

प्रति,
मा. संचालक, प्रवाळ पालकत्व मंडळ.

विषय: दूषित पट्टा परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आपल्या रोपवाटिकेत कापून वेगळा करण्यात येणारा दूषित पट्टा हा अर्जदाराच्या वडिलांनी अर्जदाराच्या आईशी सायंकाळच्या वेळी केलेल्या बोलण्याचा असून, सदर बोलण्याची अन्य कोणतीही प्रत उपलब्ध नाही. त्यात शेजाऱ्यांचा कूलर, अर्जदाराने केलेली भेंडी व इतर किरकोळ मजकूर असल्याने समुद्रास त्याचा उपयोग नाही, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि तो टाकाऊ ठरवून नष्ट न करता, आहे त्या दूषित स्थितीत, बार्शी येथील पत्त्यावर अर्जदाराच्या वडिलांच्या हाती देण्यात यावा, व तो देताना त्यांच्या अगदी जवळ जाऊन, हळू बोलण्याचे आदेश संबंधित कर्मचाऱ्यास व्हावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
पुष्कर मोहोळकर